अर्ध्या तासाची बरणी

सोमवारी सकाळी बरणीतला गाळ बसला नाही.

गावाबाहेर, नदीच्या वळणावर, गावाचं मैलापाणी साफ करायची टाकी आहे. तिथे एकच बाई कामाला आहे. गाव तिला टाकीवाली म्हणतं. रोज सकाळी ती लांब दांड्याच्या डबड्याने टाकीतलं पाणी उपसते, एका उंच काचेच्या बरणीत ओतते, बरणी खोलीच्या खिडकीत ठेवते आणि अर्धा तास तिच्याकडे ढुंकून बघत नाही. टाकी ठणठणीत असली की अर्ध्या तासात चॉकलेटी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं, इतकं नितळ की पलीकडचा नदीचा काठ त्यातून दिसतो. गाळ कुठवर बसला तिथे ती खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारते. दोन वर्षांच्या रेघांनी ती चौकट भरून गेली होती.

त्या सोमवारी अर्धा तास झाला, पाऊण झाला, तास झाला. बरणीत राख कालवल्यासारखं करडं पाणी होतं. वर पांढरा फेस. तिने बरणी नाकाशी नेली. मैलापाण्याचा वास तिला घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. हा वास इस्पितळाच्या फरशीचा होता.

"फिनाईल," ती म्हणाली आणि बरणी परत खिडकीत ठेवली.

हे कुणी केलं ते शोधायची गरजच नव्हती. अख्ख्या गावाने केलं होतं, आणि भोंग्यावरून सांगून केलं होतं. नऊ दिवसांनी टाकीची तपासणी होती. वरच्या खात्यातली बाई येऊन टाकीतून बाहेर पडणारं पाणी बाटलीत भरून नेणार होती. ही तिसरी तपासणी. आधीच्या दोन, टाकी ठेकेदाराकडे होती तेव्हा झाल्या, आणि दोन्हींत टाकी नापास. ठेकेदार उंटावरून शेळ्या हाकायचा आणि टाकीवाली नुसती झाडलोट करायची. पुढे तो गाशा गुंडाळून गेला. मागे राहिलं एक फाटकं पुस्तक आणि ही बरणी. त्या दोघांच्या जोरावर ती टाकी चालवायला शिकली. शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चुकीचं शिकवणारंही कुणी नव्हतं. आता तिसऱ्यांदा नापास झाली तर खातं विजेची तार कापणार, फाटकाला कुलूप घालणार आणि गावाची सगळी घाण आडव्या नळातून थेट नदीत सोडणार. तसं पत्रच आलं होतं.

तर पाहुणे येणार म्हणून घर धुतात, तसं गाव धुवायचं अध्यक्षांच्या मनात आलं. गावसमितीचे अध्यक्ष म्हणजे टाकीवालीचे थोरले दीर. माणूस कामाचा, पण विचारून करेल तर शपथ. घराघरात फिनाईलच्या दोन-दोन बाटल्या फुकट वाटल्या आणि रविवारी दुपारी भोंग्यावरून हुकूम सोडला, "चार वाजता प्रत्येकाने संडासात, मोरीत, गटारात ओतायचं. वास नको. गावाची अब्रू आहे." आणि एरवी गटारातला दगड उचलायला सांगितला तर ज्यांची कंबर धरते ती माणसं त्या दिवशी घड्याळ लावून ओतायला उभी होती. फुकट मिळालं की आपल्याला उत्साह फार.

आता फिनाईल काय मारतं? जंतू मारतं. बाटलीवर तेच लिहिलेलं असतं. आणि टाकीत कामाला कोण असतं? जंतूच. तो चॉकलेटी गाळ म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, कोट्यवधी जंतू. खालून त्यांना हवा सोडायची, वरून गावाची घाण द्यायची. ते ती खातात, फुगतात, तळाशी बसतात आणि वरचं पाणी नदीला मिळतं. जगातली सगळ्यात गरीब मजूर जमात. त्यांच्या ताटात गावाने विष कालवलं, तेही अब्रू राखायला.

दहाच्या सुमाराला अध्यक्ष स्वतःच आले. फाटकापाशी थांबून त्यांनी खोल श्वास घेतला.

"बघ, वास आहे का काही?" ते खूश होते.

"नाही, भाऊजी. कालच मेलेत, वास सुटायला वेळ लागेल."

"काय झालं?"

तिने बरणी त्यांच्यासमोर धरली. काय झालं ते सांगितलं. अध्यक्षांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग उतरला, मग परत तांबडा.

"मग तू आधी बोलायचं नाही?"

"मला कधी विचारलंत? भोंग्यावर ऐकलं तेव्हा मी धावत सुटले. तुमच्या दारात आले तर वहिनी म्हणाल्या, पायरीवरच थांब, मी आत्ताच फरशी पुसलीय. तोवर चार वाजून गेले."

हे खरं होतं. दुकानदार तिच्या हातात पुडी देत नाही, फळीवर ठेवतो. बैठकीत तिला खुर्ची असते, पण शेजारची नेहमी रिकामी राहते. गावाचा हिशोब सरळ आहे. ज्याच्या पोटातून घाण निघते तो स्वच्छ, आणि ती निस्तरते ती बाई घाणेरडी. असल्या हिशोबाला लाज वाटत नाही, कारण तो सगळ्यांनी मिळून केलेला असतो.

"परत होतील ना ते? जंतू?"

"आपले आपण व्हायला दोन महिने. आपल्याकडे दिवस नऊ."

घरी गेली तेव्हा सासूबाई मोरीत ताकाचं भांडं घासत होत्या. नवरा मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात या दोघीच. टाकीवर काम धरलं तेव्हा अख्ख्या भावकीने नाकं मुरडली होती. सासूबाईंनीही मुरडलं, पण त्यांचं कारण वेगळं होतं. "टाकी बिकी काय करायचीय, नदी सुधारणार असेल तर बोल," असं त्या म्हणाल्या होत्या. तरुणपणी त्या रोज संध्याकाळी नदीकाठच्या सपाट दगडावर पाय पाण्यात सोडून बसायच्या. सासरच्या घरात तेवढीच काय ती त्यांची जागा. मग नदी काळी पडली आणि ती जागा गेली. गेली दोन वर्षं टाकीवाली दर महिन्याला म्हणायची, "आई, चला, आता पाणी बरं आहे." आणि म्हातारी दर महिन्याला काठापर्यंत जाऊन, वास घेऊन, "अजून नाही," म्हणून परत यायची. गेल्या महिन्यात नळाच्या तोंडाशी बोटभर लांबीचे मासे दिसले होते. तेव्हा मात्र म्हातारी "अजून नाही" म्हणाली नव्हती. "बघू," म्हणाली होती.

"चेहरा का पडलाय?" सासूबाईंनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि भांडं पालथं घातलं.

"म्हणजे दही नासलं."

"नासलं आई. सगळं."

"मग रडतेस काय? विरजण संपलं तर बाई काय करते? वाटी घेऊन शेजारी जाते."

टाकीवाली बघतच राहिली. फाटक्या पुस्तकात हेच लिहिलं होतं, जड भाषेत, दीड पानभर. जिवंत गाळ दुसऱ्या टाकीतून आणावा. पण आसपास दुसरी टाकी एकच होती, आणि ती होती नदीच्या खालच्या अंगाला, खालच्या गावात.

"त्या शेजाऱ्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा. दुसरं आणणार कुठून?"

खालच्या गावाशी वैर होतं, आणि त्यात चूक कुणाची याबद्दल शंकेला जागा नव्हती. वीस वर्षं वरच्या गावाने जे नदीत सोडलं ते खालच्या गावाच्या विहिरींत झिरपलं. ते तक्रार घेऊन आले की इथली समिती म्हणायची, नदी काय आमच्या बापाची आहे का. फायद्याच्या वेळी मात्र ती बापाचीच असायची. शेवटी खालच्यांनी आधी आपली टाकी बांधली. ती टाकी एक म्हातारा चालवत होता, तात्या. त्याच्या नाकाची ख्याती होती. टाकीच्या कठड्यावर उभं राहून तो सांगायचा, आज हवा कमी पडतेय, आज कुणीतरी तेल ओतलंय.

ती दुपारी सायकलने गेली. तात्या कठड्यावरच उभा होता. तिने काही बोलायच्या आधी त्याने नाक वर केलं.

"फिनाईल."

"माझ्या कपड्यांना येतोय?"

"काल संध्याकाळपासून नदीला येतोय. मी म्हटलं, वरच्या गावात कुणाचं तरी डोकं फिरलंय. कुणाचं?"

"सगळ्यांचं."

तात्या हसला नाही. पण हसू दाबताना मिशी हलते तशी हलली.

"मी वरच्या टाकीची," ती म्हणाली. "जिवंत गाळ पाहिजे. एक टँकर. विरजणाला."

"चार वर्षं तू तिथे आहेस. मी खालून बघतोय. पहिली दोन वर्षं तुझं पाणी म्हणजे चहा होता. मग हळूहळू बरं व्हायला लागलं. मी रोज तुमच्या बाजूने येणाऱ्या पाण्यात हात घालतो, म्हणून कळतं. कुणाकडून शिकलीस?"

"बरणीकडून."

"हं." तात्या कठड्यावरून खाली उतरला. "वीस वर्षं तुमची घाण आम्ही प्यायलो, बाई. माझी बायको पोटाच्या दुखण्याने गेली. नदीमुळेच गेली असं डॉक्टर म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही. आणि आता तुम्हाला विरजण पाहिजे."

खोटं उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते तिने दिलं नाही.

"नाही म्हणालात तरी मी समजेन, तात्या."

"समजून काय करशील? तुझी टाकी बंद पडली की ते सगळं परत माझ्याच अंगावर येणार. देतो. उपकार नाही, माझ्या पाण्यासाठी देतोय. पण एक अट आहे. टँकर घेऊन तुमचा अध्यक्ष आला पाहिजे. आणि नळी त्याने धरायची. टँकरवाल्याने नाही, तू नाही."

ही अट ऐकल्यावर अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी? त्या गावात? गाळाची नळी?" ते घरात येरझाऱ्या घालत होते आणि वहिनी दारात उभ्या होत्या. "माझी काही इज्जत आहे की नाही?"

"आहे ना," टाकीवाली म्हणाली. "तीच नऊ दिवसांनी बाटलीत भरून नेणार आहेत."

यावर वहिनींना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता.

अध्यक्ष गेले. मंगळवारी सकाळी, पांढरा सदरा घालून गेले, हेही त्यांच्या स्वभावाला धरूनच. तात्याने नळीचं तोंड त्यांच्या हातात दिलं आणि पंप सुरू केला. पंपाने आधी हवा ओढली, नळी सापासारखी उसळली आणि पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत गाळाचा एक पट्टा उमटला. खालच्या गावची पाच-सहा माणसं तमाशा बघायला आली होती. त्यांनाही हसायचं धाडस होईना.

अध्यक्षांनी नळी सोडली नाही. आवळून धरली, टँकर भरेपर्यंत. मग सदऱ्याकडे बघत म्हणाले, "याला तर वासच नाही फारसा. मातीसारखा येतोय."

"जिवंत आहे म्हणून," तात्या म्हणाला. "मेलेला घाण मारतो. माणसाचंही तसंच असतं."

मग अध्यक्षांनी जे केलं ते भावकीत कुणाला खरं वाटलं नाही. निघताना टँकरच्या पायरीवर एक पाय ठेवून, वर न बघता ते म्हणाले, "तात्या, मागे तुम्ही तक्रार घेऊन आला होता. नदी बापाची का, असं म्हणणारा मीच होतो."

"माहीत आहे," तात्या म्हणाला. "चल, गाळ ऊन खातोय. लवकर ने."

टाकीवालीने तोवर मेलेला गाळ वाळवणीच्या वाफ्यांवर काढून घेतला होता. नवा गाळ टाकीत सोडला, हवेचा पंप पूर्ण चालू केला आणि देवावर नाही, गावावर हवाला ठेवायची वेळ आली. कारण घराघरात फिनाईलची दुसरी बाटली शिल्लक होती.

अध्यक्षांनी भोंगा लावला. "परवाच्या रविवारी मी जे सांगितलं ते चूक होतं," ते म्हणाले. वाक्य इथेच अडकलं. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. "फिनाईल कुणीही ओतू नये. बाटल्या घ्यायला टाकीवरच्या बाई घरी येतील. त्यांना दारात थांबवू नये."

ती ढकलगाडी घेऊन फिरली. तीनशे घरं. कुणी मुकाट्याने बाटली दिली, कुणी म्हणालं संपली, आणि ती पाठमोरी होताच आत झाकण फिरवल्याचा आवाज आला. दुकानदार हुज्जत घालायला लागला.

"जंतू मारायचे नाहीत तर काय पाळायचे?"

"पाळलेलेच आहेत. तुझ्या पोटात शेरभर आहेत. एक बाटली पिऊन बघ, सकाळपर्यंत कोण जगतं ते कळेल."

"काय बाई बोलणं हे."

"खरंय ना पण?"

दुकानदाराने बाटली आणली. फळीवर ठेवायला हात गेला, घुटमळला आणि मग त्याने ती तिच्या हातात दिली. तिने घेतली. याबद्दल त्याचे आभार मानायचे तिला अजिबात कारण नव्हतं, आणि तिने मानले नाहीत.

बुधवारी बरणी करडी होती. गुरुवारी करडी. शुक्रवारी तळाशी नखाएवढा चॉकलेटी थर दिसला आणि तिने रेघ मारली, मग वाटलं मनाचा खेळ असेल, म्हणून पुसली. शनिवारी तो बोटभर झाला. तात्या स्वतः चालत आला, कठड्यावर उभा राहिला, नाक वर केलं.

"हवा थोडी कमी कर. भुकेले आहेत, गुदमरलेले नाहीत."

तिने कमी केली. मंगळवारी सकाळी वरचं पाणी दिसायला लागलं, पण त्यात धूसर झाक होती. पलीकडचा काठ ओल्या काचेतून दिसावा तसा दिसत होता. तपासणी उद्यावर.

संध्याकाळी अध्यक्ष आले. मागे विहिरीच्या पाण्याचा टँकर.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या सकाळी नळाच्या तोंडात ही नळी सोडू. पाणी पातळ होईल. ती बाई बाटली भरेल आणि जाईल. कुणाला कळणार नाही."

"तात्यांना कळेल."

"त्यांना कशाला सांगायचं?"

"त्यांना सांगावं लागतं का?" ती स्टुलावरून उठली. "भाऊजी, आठ दिवसांपूर्वी तुम्ही वास झाकायला गेलात आणि हात दाखवून अवलक्षण झालं. आता पाणी झाकायचं? कागद पास होईल. मग तो कागद खालच्या गावच्या विहिरीत सोडणार का?"

"अगं, नापास झालं तर कुलूप लागेल. तुझीच नोकरी जाईल."

"जाईल. पण लावा नळी, मी अडवणार नाही. फक्त त्या बाईंनी विचारलं तर मी खरं सांगणार. न विचारता पण सांगेन."

अध्यक्षांनी बरणीकडे बघितलं. मग आपल्या सदऱ्याकडे. आज तो निळा होता, पण हात छातीवर त्याच जागी गेला. ते बाहेर जाऊन टँकरवाल्यावर ओरडले, "घेऊन जा हे. बघत काय उभा राहिलास?" जसं काही टँकर त्यानेच आणला होता.

बुधवारी तपासणीवाल्या बाई आल्या. वयाने तरुण, पायात रबरी बूट. टाकीवालीने बरणी दाखवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, फिनाईल, मेलेला गाळ, उसना गाळ, सगळं. बाईंनी लिहून घेतलं नाही. त्या खिडकीपाशी गेल्या आणि चौकटीवरच्या रेघा बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"या रोजच्या?"

"रोजच्या. ही इथे मोकळी जागा दिसते ना, ती फिनाईलच्या सोमवारपासूनची."

"आणि हे पुसलेलं?"

"त्या दिवशी माझाच विश्वास बसला नाही."

बाईंनी नळाखाली बाटली धरली, झाकण लावलं, उजेडात एकदा बघितलं आणि पेटीत ठेवली. सरकारी माणसाचा चेहरा वाचता येत नाही, तो बरणीसारखा नसतो. जाताना एवढंच म्हणाल्या, "पाणी काय म्हणतं ते बघू. पण या चौकटीचा फोटो मी घेऊन जातेय."

बारा दिवसांनी पत्र आलं. पास. काठावर, एका आकड्यात तर अगदी केसभर अंतराने, पण पास. सोबत एक ओळ होती, की सहा महिन्यांनी परत तपासणी होईल, तोवर टाकी चालू ठेवावी. अध्यक्षांनी पत्र भोंग्यावरून वाचलं. मग परत वाचलं. मग फिनाईल न ओतायची सूचना दिली, आणि तेव्हापासून ते ती रोज देतात. त्यांना त्याची आता सवय लागली आहे. गाव ऐकतं, म्हणजे निम्मं ऐकतं. गाव काही एका भोंग्याने सुधारत नसतं. पण बैठकीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर वहिनी येऊन बसल्या, आणि बसल्या त्या उठल्या नाहीत.

त्या आठवड्यात एका सकाळी तिने बरणी भरून खिडकीत ठेवली आणि बाहेर आली, तर सासूबाई टाकीच्या फाटकाशी उभ्या.

"आई? इतक्या लांब चालत?"

"तू दर महिन्याला बोलावतेस. या महिन्यात बोलावलं नाहीस."

"यावेळी म्हटलं, तुम्हीच ठरवा."

म्हातारी उतारावरून खाली गेली. सपाट दगड होता तिथेच होता, कडेने शेवाळ धरलेला. तिने नाक पुढे केलं, तात्यासारखं. मग चपला काढल्या, दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. बोटभर मासे क्षणभर पांगले आणि परत आले.

"कसं आहे?" टाकीवालीने विचारलं.

"गार आहे," सासूबाई म्हणाल्या. मग पाय हलवत म्हणाल्या, "बाकी माझी काही तक्रार नाही."

दूर गावातून भोंगा ऐकू यायला लागला. "सर्व ग्रामस्थांना सूचना..."

"आला बघ माझा थोरला," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणीही असाच. एक गोष्ट कळली की शंभरदा सांगायचा."

टाकीवालीने वर खोलीच्या खिडकीकडे बघितलं. बरणीला अजून वीस मिनिटं होती. तिने बूट काढले आणि सासूच्या शेजारी बसली.